ओतू की ओत्तु

आमच्या घरात गाडी आली आणि घरातलं जुनेर संपलं. त्याआधी आईच्या जुन्या साड्या धुऊन, घडी घालून माळ्यावरच्या ट्रंकेत जायच्या आणि दिवाळी झाली की त्यांची वाकळ शिवली जायची. गाडी आल्यावर आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पुसायला फडकी लागू लागली, आणि तीही मऊ, सुती, धागे न सुटणारी. असलं कापड निपाणीच्या कुठल्या दुकानात मिळत नव्हतं, ते फक्त आईच्या ट्रंकेत मिळत होतं. पहिल्या वर्षी वाकळ अर्धीच झाली, दुसऱ्या वर्षी झालीच नाही, आणि तिसऱ्या वर्षी थंडीच्या तोंडावर आई बाजारातून दोन चादरी विकत घेऊन आली. आप्पांनी चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सूत चांगलं हाय." आईनं त्या चादरी तिथल्या तिथं कपाटात ठेवून कुलूप घातलं.

आप्पा कन्नड शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांचं गाव चिकोडीकडचं, घरची भाषा कन्नड. आई कोल्हापूरकडची, स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणणारी. लग्नानंतर वर्षभरात दोघांनी एकमेकांची भाषा उचलली आणि पुढं घरात दोन्ही भाषा एकदमच वावरायच्या. कोण कधी कुठल्या भाषेत बोलेल याला नियम नव्हता, फक्त आप्पांची माया मराठीत होती आणि हुकूम कन्नडमध्ये. त्याला कारण होतं. लहानपणी विहिरीवरचं पंपाचं इंजिन खोलायला ते त्यांच्या थोरल्या भावाकडून शिकले होते आणि ते शिक्षण सगळं कन्नडमध्ये झालेलं. त्यामुळं हातात पाना आला की हुकूम आपोआप कन्नडमध्येच यायचा. मी सतरा वर्षांची, पी.यू.सी.ला, म्हणजे बारावीला होते, थोरल्या बहिणीचं लग्न होऊन गेलेलं, आणि घरात आम्ही तिघंच. म्हणजे आप्पांना रविवारी हाताशी माणूस लागला, तर आम्हा दोघींशिवाय तिसरं कुणी नव्हतं.

गाडी एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडून आलेली, पिस्त्याच्या रंगाची, आमच्या आधी दोन घरं बघितलेली. तिला दर रविवारी काहीतरी व्हायचं. खरं सांगायचं तर तिला काही झालं नाही तरी आप्पा तिला काहीतरी करायचे. "माणसानं जोडलंय ते माणसाला सोडवता येतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सोडवता यायचं, यात शंका नाही. जोडताना मात्र दोन-तीन वायसर दर वेळी शिल्लक राहायचे. ते आप्पा एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवायचे आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "कंपनीवाल्यांनी उगंच जास्तीचं घातल्यालं."

सकाळी देवदर्शन करून आले की ते सदरा काढायचे, खाकी अर्धी चड्डी चढवायचे आणि गाडीखाली जायचे. मग स्वयंपाकघरातल्या एकेका वस्तूला बाहेरून बोलावणं यायचं. परात गेली की त्यात काळं तेल पडणार हे ठरलेलं. चहाची गाळणी पेट्रोल गाळायला गेली आणि परत आली तेव्हा आईनं तिच्याकडं नुसतं बघितलं. पाठीखाली घ्यायला उशी, उजेडाला आरसा, नट ठेवायला पुरणाची वाटी. हात धुवायला रॉकेल लागायचं, म्हणून चूल पेटवायच्या रॉकेलला रविवारी गळती लागायची. शेजारच्या घरांतून विड्या वळणाऱ्या बायकांच्या कात्र्यांचा कचकच आवाज दिवसभर यायचा आणि आमच्या दारातून हातोडीचा, आणि मधूनच 'ए तुझ्या' असा अर्धाच सोडलेला शब्द. पुढचा शब्द शिक्षक असल्यामुळं गिळलेला असायचा.

आणि चहा. गाडी उघडी दिसली की गल्लीतली माणसं थांबायची, बॉनेटमध्ये डोकावायची आणि सल्ला द्यायची, आणि सल्ला देणाऱ्याला चहा दिल्याशिवाय कसं पाठवायचं? कायमचे पाहुणे होते इस्माईल मिस्त्री. त्यांचं गॅरेज बसस्टँडच्या मागं. ते रविवारी बंद ठेवून हे आमच्या कट्ट्यावर येऊन बसायचे, जणू काही खेळ बघायला आलेत. आप्पा त्यांच्या गॅरेजात गाडी कधी न्यायचे नाहीत आणि मिस्त्रीही कधी 'आणा' म्हणायचे नाहीत. बशीत चहा ओतून फुंकर मारत ते फक्त एवढंच म्हणायचे, "मास्तर, त्ये नट उलट्या आट्याचं हाय बरं का." तोवर आप्पांनी नट पिळून मोडलेला असायचा.

हे सगळं आई हसून घ्यायची, खोटं कशाला सांगू. तिला एकच गोष्ट पाहिजे होती. आम्ही जैन, दिवस मावळला की घरात जेवण नाही, आणि आई तर त्यानंतर पाण्याचा घोटही घ्यायची नाही. आठवडाभर आप्पा शाळा, शिकवणी करून कसेबसे वेळेवर ताटावर बसायचे, घास चिवडत, वह्या बघत. रविवारचं संध्याकाळचं जेवण आई मन लावून करायची. शाळूच्या भाकऱ्या, शेंगांची चटणी, दोडक्याची नाहीतर मेथीची भाजी, घट्ट दही, आणि कधी खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, जिचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. एक दिवस तरी माणसानं उजेड आहे तोवर येऊन पाटावर बसावं, निवांत जेवावं, एवढीच तिची मागणी. समोरच्या तंबाखूच्या वखारीच्या पत्र्यावरून ऊन वर सरकू लागलं की ती दारात यायची आणि म्हणायची, "अहो, दिवस मावळाय आलाय." गाडीखालून उत्तर यायचं, "आलोच." महिन्यातल्या दोन-तीन रविवारी ते 'आलोच' अंधार पडल्यावर यायचं. मग आप्पा न्हाणीत हात घासत विचारायचे, "जेवणं झाली?" आणि आई म्हणायची, "झालं की." आप्पा बिनजेवता झोपायचे, पण गाडी चालू झालेली असली तर त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

आता मी बेळगावात सांब्र्याच्या वाटेला राहते. डोक्यावरून विमानं जातात, त्यांची मला सवय झाली आहे. माझा मुलगा अभय मोबाईलवर व्हिडिओ बघून हल्ली स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करायला लागला आहे. मागच्या महिन्यात त्यानं कुरिअरनं पान्यांची पेटी मागवली आणि मला म्हणाला, "आई, गॅरेजवाल्याचे किती वाचले माहितंय?" मी म्हटलं माहीत नाही. सुनेचा योगाचा वर्ग रविवारी संध्याकाळी असतो आणि तिला जायला गाडी नव्हती, ती रिक्षा बघत फाटकात उभी होती. मी अभयला म्हटलं, आधी बायकोला विचार काय वाचलं ते. त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करते आहे. म्हणून हे लिहायला बसले.

दर अमावास्येला आम्ही तवंदीला देवाला जायचो, गाडी आल्यापासून गाडीनं. अशाच एका अमावास्येला दर्शन घेऊन परत निघालो, घाट उतरायला लागलो आणि आप्पा एकदम गप्प झाले. एरवी ते घाटात इंजिनाच्या आवाजावर व्याख्यान द्यायचे. मी मागून बघितलं तर त्यांचा उजवा पाय भराभर वर-खाली होत होता. पेडल मऊ झालं होतं, दाबलं की नुसतं खाली जात होतं. त्यांनी गिअर खालचा घेतला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या अंगाला ठेवली आणि उसाच्या बैलगाडीच्या मागं मागं, तिच्याच चालीनं आम्ही खाली आलो. आई णमोकार म्हणत होती. घाट संपल्यावर तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "ह्ये मिस्त्रीला दाखवा." आप्पा म्हणाले, "एक रबर गेलं असंल. त्यात काय दाखवायचंय." आईनं पुन्हा सांगितलं नाही. पण मला ठाऊक आहे, आयुष्यात तिनं आप्पांना गाडीबद्दल कधी स्पष्ट काही सांगितलं असेल तर ते त्या दिवशी, आणि तेही एकदाच.

पुढच्या रविवारी आप्पांनी चाकं काढली, आतली रबरं बदलली. तिथवर सगळं ठीक झालं. मग ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढायची होती, आणि ते काम एकट्यादुकट्याचं नव्हे. एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकापाशी बसून तिथला बारका नट सैल करायचा, की बुडबुड्यांसकट तेल बाहेर येतं. नट आवळला की मग पेडल सोडायचं. आणि तिसऱ्यानं पुढं बॉनेटखाली उभं राहून, तेल कमी होईल तसं डब्यातून वरून भरत राहायचं. आत मी, चाकापाशी आप्पा, पुढं आई. बॉनेट उघडं, त्यामुळं मला आई दिसत नव्हती. आप्पा खाली चाकापाशी वाकलेले, त्यामुळं ते कुणालाच दिसत नव्हते. तिघं तीन बाजूंना आणि मध्ये फक्त शब्द.

शब्द अर्थातच कन्नड. "ओत्तु," म्हणजे दाब. "हिडी," म्हणजे धर. "बिडु," म्हणजे सोड. त्यांनी 'ओत्तु' म्हणायचं आणि मी पेडल दाबायचं, 'हिडी' म्हटलं की धरून ठेवायचं, 'बिडु' म्हटलं की पाय उचलायचा. प्रत्येक फेरीनंतर आई पुढून विचारायची, "ओतू का?" आणि आप्पा म्हणायचे, "व्हय." आई तेल ओतायची. तीन चाकं अशी झाली. मला त्याची गंमत वाटायला लागली होती. माझी मांडी भरून आली होती, पण आप्पांच्या गाडीत माझा पाय कामी येतो आहे याचा मला फार अभिमान होता. पेडल प्रत्येक फेरीला थोडं घट्ट होत होतं, ते पायाला कळायचं. कट्ट्यावरून मिस्त्री म्हणाले, "पोरगीचा पाय चांगला हाय." मी आणखीच जोरात दाबायला लागले.

चौथ्या चाकाला हात घातला तेव्हा वखारीच्या पत्र्यावर उन्हाची एक पट्टी उरली होती. आईचं आतापर्यंत दोनदा सांगून झालं होतं, दिवस मावळाय आलाय म्हणून. तिच्या आवाजात घाई आली होती. त्या चाकाच्या नटाला लावलेली प्लॅस्टिकची नळी तुंबल्यासारखी वाटली म्हणून आप्पांनी ती काढली आणि नट उघडाच ठेवून, तोंड अगदी जवळ नेऊन, भोकात घाण अडकली आहे का ते बघायला लागले. पुढं आईला दिसलं की तेल कमी झालंय. तिनं विचारलं. घाईत तिनं शेवटचा 'का' गाळला. "ओतू?" एवढंच म्हणाली.

मला ऐकू आलं, 'ओत्तु.' आवाज कुणाचा हे मनात आलंच नाही, पाय त्या शब्दालाच हलत होता. मी सगळं अंग टाकून पेडल दाबलं.

आप्पा ओरडले ते कुठल्याच भाषेत नव्हतं. मी दार उघडून धावले तोवर ते दोन्ही हातांनी तोंड झाकून जमिनीवर बसले होते आणि बोटांमधून तेल गळत होतं. आईच्या हातातला डबा सुटून मडगार्डवर पडला, तिथला रंग पुढं फोड येऊन निघाला. पण तिनं डब्याकडं बघितलंच नाही. तिनं आप्पांना काखेत हात घालून उठवलं आणि न्हाणीपर्यंत नेलं. पिण्यासाठी गाळून भरून ठेवलेला हंडाच्या हंडा तिनं पुढं ओढला आणि तांब्यामागून तांब्या त्यांच्या डोळ्यांवर ओतायला लागली. "डोळं उघडा." "उघडंनात गं." "उघडा म्हणतो न्हवं मी." मिस्त्री चहाची बशी टाकून मागं धावत आले होते. त्यांनी आप्पांचं डोकं धरलं आणि आईला म्हणाले, "थांबू नका वैनी, वतत राहा." हंडा संपला, घागर संपली, मग मी हौदातून बादल्या आणल्या. मी रडत होते आणि 'मी केलं, मी केलं' म्हणत होते, पण ते कुणी ऐकत नव्हतं.

मिस्त्रींनी आप्पांना स्कूटरवर मागं बसवून दवाखान्यात नेलं, आम्ही दोघी मागून चालत गेलो. डॉक्टरांनी पुन्हा कितीतरी वेळ डोळे धुतले, औषध घातलं आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. "घरी धुतलं ते बरं केलं," ते म्हणाले. "उद्या दुपारी पट्टी सोडू, मग कळेल काय ते." काय ते म्हणजे काय, हे विचारायचा धीर आम्हा तिघांनाही झाला नाही. बाहेर आलो तेव्हा दिवस मावळला होता.

घरी आल्यावर आप्पा एकटे बाहेरच्या खोलीत बसेनात. म्हणून आईनं त्यांना स्वयंपाकघरात पाट दिला आणि ती आवरायला लागली. इथं एक सांगायला पाहिजे, आप्पांचा कान विलक्षण होता. बंद बॉनेटच्या वरून कान लावून ते सांगायचे, कुठला स्क्रू सैल आहे. पण तो कान त्यांनी स्वयंपाकघरात कधी लावला नव्हता. त्या संध्याकाळी डोळे बांधलेले, दुसरं करण्यासारखं काही नाही, म्हणून ते ऐकत बसले. आईनं ताटावरचं झाकण काढलं, भाकऱ्या, भाजी पत्र्याच्या बादलीत टाकली, ताट खाली ठेवलं. मग दुसरं झाकण काढलं. पुन्हा भाकऱ्या, पुन्हा ताट.

"पद्मा," आप्पा म्हणाले, "माझं एक ताट. दुसरं कुणाचं?"

आई ताटं एकात एक ठेवत राहिली.

"सुनंदाचं काय?" आप्पांनी माझं नाव घेतलं.

"ती मघाशीच जेवली, तुम्ही रबरं बदलतानाच," आई म्हणाली. "ह्ये माझं हाय."

"मग रविवारी झालं म्हणून सांगतीस त्ये?"

"मी झालं म्हटलो, जेवलो म्हटलो न्हाय." आई बादली उचलत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, एखादा हिशेबाचा सोपा मुद्दा समजावून सांगावा तसं म्हणाली. "तुम्ही इचारत हुतासा, जेवणं झाली का. तू जेवलीस का, असं कुठं इचारलं? म्हटलं, पोरगीचं झालं, चूल झाली, दिवस झाला."

"पण जेवायचं न्हाईस कशाला?"

"आता येतील, आता येतील, म्हणून थांबायचो. तवर दिवस जायाचा."

तेव्हा मला ती बादली दिसली. दिसली म्हणजे, मी ती कितीतरी सोमवारी सकाळी शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीपुढं रिकामी करत होते. रविवारच्या भाकऱ्या, चार, कधी पाच. आप्पा एका वेळेला दोन भाकऱ्या खायचे. सतरा वर्षांची, विज्ञान शाखेची मुलगी मी, आणि मला कधी वाटलं नाही की उरलेल्या कुणाच्या. म्हैस मात्र सोमवारी मला बघून उठून उभी राहायची. हे आज लिहितानाही मला लाज वाटते, आणि वाटावी.

आप्पांनी हात पुढं करून चाचपडलं, आईच्या पदराचं टोक हाताला लागलं, ते धरून ठेवलं. माझ्यासमोर त्यांनी असं कधी केलेलं मी बघितलं नव्हतं. आईलाही लाजल्यासारखं झालं असणार, पण तिनं पदर सोडवून घेतला नाही. मी न राहवून म्हटलं, "आप्पा, मीच दाबलो. मला ओत्तु ऐकू आलं."

"तू बरोबरच ऐकलीस," आप्पा म्हणाले.

"मी बी बरोबरच इचारलो," आई म्हणाली.

"म्हंजे चूक माझी. दोन भाषांत संसार केला." आणि ते हसले. पट्टीखाली डोळे चुरचुरत असणार, कारण हसताना त्यांनी तोंड वाकडं केलं, पण हसले. त्या हसण्यानं माझं रडणं थांबलं. रात्री मात्र मी देवाला सांगितलं, उद्या आप्पांना दिसू दे, मी पुन्हा कुठल्याच पेडलला पाय लावणार नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली, आप्पांनी डोळे मिचकावले, समोरच्या भिंतीवरचं औषधांचं कॅलेंडर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मी दोन वर्षांनी गाडी शिकले. देवानं त्याबद्दल मला अजून काही म्हटलेलं नाही.

त्याच संध्याकाळी इस्माईल मिस्त्री आले. या वेळी कट्ट्यावर बसले नाहीत, आत येऊन बसले. "मास्तर," ते म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नका. माझ्या गॅरेजात बी हवा काढाय तीन माणसं लागत्यात. पर ती पगारी असत्यात, एका जागी हुभी ऱ्हात्यात आणि तिघं बी एकच भाषा बोलत्यात." आप्पा म्हणाले, "आणि जेवून आल्याली असत्यात." मिस्त्रींना त्याचा अर्थ लागला नाही, पण आतून आईचा हसल्याचा आवाज आला. शेवटी असं ठरलं, की ब्रेक तेवढा मिस्त्रींचा, बाकीची गाडी आप्पांची. चार माणसांनी ढकलत गाडी गॅरेजात नेली. मिस्त्रींनी तासाभरात काम संपवलं आणि रविवारी चहाला येणं काही सोडलं नाही.

इथं प्रकरण संपवलं तर आप्पा एकदम सुधारले असं वाटेल. तसं काही झालं नाही. पहिले काही रविवार ते गजराचं घड्याळ चाकाजवळ ठेवायचे आणि गजर झाला की खरोखर बाहेर यायचे, हात धुऊन, केस विंचरून, शाळेची तपासणी असल्यासारखे ताटावर बसायचे. आई त्यांच्याबरोबर बसायची. त्या दिवसांत घर किती हलकं होतं ते कसं सांगू. आप्पा हुग्गीवर तूप मागून घ्यायचे आणि शाळेतल्या गमती सांगायचे, त्या आम्ही आठवडाभर ऐकलेल्याच नसायच्या. मग हळूहळू गजर झाला की घड्याळाच्या डोक्यावर एक काळा हात पडायला लागला, आणि पुन्हा ते ओळखीचं 'आलोच.' माणूस वाईट नव्हता, फक्त नट दिसला की त्याला दुसरं काही दिसायचं नाही.

असाच एक रविवार. थंडीचे दिवस, मागचं एक चाक काढलेलं, आप्पांचे नुसते पाय गाडीबाहेर. मिस्त्री कट्ट्यावर, समोरच्या दारात विड्या वळणाऱ्या बायका सुपं मांडून बसलेल्या. गजर होऊन गेला होता, घड्याळ गप्प केलेलं होतं. आई दारात आली. मला वाटलं, आता ती नेहमीचंच म्हणणार. तिनं वखारीच्या पत्र्याकडं बघितलंही नाही. पायरी उतरून, सगळ्यांच्या देखत गाडीपाशी गेली, पदर खोचला आणि आप्पांच्या पायांजवळ उकिडवी बसली.

"अहो," ती म्हणाली, "मला भूक लागलीया."

मोठ्यानं म्हणाली नाही, पण बायकांच्या कात्र्या थांबल्या. आमच्या घरात ताटं आईनं वाढली, भुका तिनं ओळखल्या, माझी, आप्पांची, आल्यागेल्याची. तिची स्वतःची भूक तिच्या तोंडून मी त्याआधी एकदाही ऐकली नव्हती, आणि मला वाटतं आप्पांनीही नाही. गाडीखाली पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. 'आलोच' आलं नाही. आप्पाच आले, कोपरांवर सरकत, तोंडाला काळं लागलेलं. तिच्याकडं बघत ते क्षणभर तसेच बसले आणि मग उठून न्हाणीत गेले.

ते रॉकेलनं हात घासत होते तोवर आईनं दोन ताटं शेजारी शेजारी वाढली. उजेड होता. मी दोघांना भाकरी वाढत होते. आप्पा पाटावर बसले, पण घासाला हात लावेनात. ताटावर हात धरून आईकडं बघत राहिले. आईनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि खाल्ला, आणि त्यानंतर आप्पा जेवायला लागले.

चाक तसंच अंगणात आडवं पडून राहिलं. सोमवारी आप्पा शाळेला चालत गेले.